तुळजाबाईचा फोटो

रंभाबाई गेली तेव्हा तिच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. आणीबाणी लागली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. थंडी नुकती सुरू झाली होती. तिचा मुलगा वसंत सकाळीच रुपरावच्या दुकानाशी आला आणि पायरीवर उभा राहूनच म्हणाला, "भाऊ, चालतोस का? आईले न्यायच्या आधी एक फोटो काढून दे."

रुपरावनं कॅमेरा उचलला, पायांत चपला सरकवल्या आणि त्याच्यामागून निघाला.

नागपुरात टिमकीतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत रुपरावचा लहानसा स्टुडिओ होता. पुढे दुकान, मध्ये रंगवलेल्या पडद्याची खोली, मागे राहतं घर. बाप मागावर लुगडी विणायचा. रुपराव मात्र तरुणपणीच सीताबर्डीवरच्या एका फोटोवाल्याकडे कामाला लागला आणि धंदा शिकून गल्लीत परत आला. लग्नसराईत त्याला उसंत नसे. एरवी नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो असत, शाळेचे असत. आणि बारा महिने, कधीही, असं बोलावणं येई. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांनी जन्मात फोटो काढलेला नसायचा. माणूस गेलं की मग घरच्यांना आठवण होई. प्रेताला भिंतीशी टेकवून बसवत, अंगावर नवी शाल घालत, मागे कोणीतरी चादर धरून उभं राही आणि रुपराव फोटो काढी.

पुढचं काम त्याच्या बायकोचं, पुष्पलताचं. ती उमरेडच्या विणकराची मुलगी. लहानपणापासून तुटलेले धागे जोडून तिचा हात इतका स्थिर झाला होता की लग्नानंतर रुपरावनं तिला फोटोचा बारीक ब्रश दिला, तो तिच्याकडेच राहिला. फोटोवरचे डाग, पुसट झालेल्या कडा ती नीट करी. आणि मेलेल्या माणसाचे डोळे उघडी. कागदावरच्या मिटलेल्या पापण्यांवर ती रंगानं डोळे काढायची, मग त्या फोटोचाच पुन्हा फोटो काढून रुपराव घरच्यांना द्यायचा. भिंतीवर लावला की वाटे, माणूस चांगलं खुर्चीवर बसून फोटो काढून गेलं.

रंभाबाईचा फोटो सुकल्यावर रुपरावनं तो बायकोसमोर ठेवला. तिनं ब्रश ओला केला आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?" रुपरावनं विचारलं.

"मले नाही जमत."

"काहून? इतक्यांचे केले तू."

"ते कोणी माझ्या ओळखीचे नव्हते. ही रंभामावशी आहे." पुष्पलतानं ब्रश खाली ठेवला. "हसली की तिचा डावा डोळा आधी बारीक व्हायचा. रोज नळावर पाहत होती मी. आता इथं कोणाचे डोळे काढू?"

रुपरावनं फोटो आपल्याकडे वळवून पाहिला.

"तिचं घर आपल्यापासून तिसरं," ती म्हणाली. "आपल्या घरात कॅमेरा. आन् बाईचा एक फोटो नाही काढला आपण."

"तिनं म्हटलं नाही, आपण काढला नाही. लोकांच्या मागं लागून कोणी फोटो काढते का, पुष्पा?"

ती तो फोटो तसाच घेऊन वसंतकडे गेली आणि खरं ते सांगून टाकलं. वसंतनं फोटो दाराशी उजेडात नेऊन पाहिला. मग म्हणाला, "राहू दे वहिनी. झोपल्यासारखीच दिसून राहिली. दुपारी जेवल्यावर अशीच झोपायची."

तो मोठ्या मनाचा होता म्हणून सुटलो, असं पुष्पलताला वाटलं. पण मनातून ते गेलं नाही. नळावर पाणी भरताना तिला एकेक तोंड दिसू लागलं. इंदूबाई, कोपऱ्यावरची सखूबाई, आणि सगळ्यांत म्हातारी तुळजाबाई. यांच्यातल्या एकीचाही फोटो कुठे नव्हता.

*

दुपारी इंदूबाईच्या अंगणात बायका चरखे घेऊन सुताच्या कांड्या भरायला बसत. गल्लीत अजून थोडे माग चालू होते, त्यांना सूत लागायचं. हात चरख्यावर आणि तोंडाला विश्रांती नाही, अशी ती बैठक. पुष्पलता तिथे जाऊन बसली आणि जरा धीर करून म्हणाली, "मी म्हणते, तुम्हा सगळ्यायचे एकेक फोटो काढावे. आमच्याच घरचा स्टुडिओ आहे. तुम्ही फक्त या."

चरखे थांबले.

"काहून वं?" तुळजाबाई म्हणाली. "माझी मरायची वाट पाहून राहिली का?"

बायका हसल्या, पण हसणं जरा अवघडलेलं होतं. तुळजाबाईचं वय सत्तरीच्या आसपास. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा मिलमध्ये होता. गुडघे गेल्यामुळे ती गल्लीच्या बाहेर पडत नसे. जीभ मात्र गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचायची.

"तसं नाही मावशी..."

"मंग कसं? फोटो काढला की उमर कमी होते, हे सांगितलं नाही का कोणी तुले? भिंतीवर लागला फोटो म्हंजे माणूस गेलंच समज. माझ्या भिंतीवर माझाच नवरा बसला हाये हार घालून. त्याच्या बाजूले मले इतक्यात बसायचं नाही."

आता मात्र सगळ्या मोकळेपणानं हसल्या. पुष्पलताही हसली. पण घरी येताना तिच्या लक्षात आलं की बाईचं काही चुकलं नव्हतं. या घरांत फोटो म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो. जिवंत माणसानं तो कशाला मागावा?

याचं उत्तर काही दिवसांनी इंदूबाईनंच आणून दिलं. ती संध्याकाळी मागच्या दारानं आली आणि हळूच म्हणाली, "पुष्पे, माझी वच्छला गोंदियाले हाये ना. दिवस गेले हायेत तिले. सासरचे पाठवत नाही आन् माझ्यानं जाणं होत नाही. जावई सांगून गेला, आईचं तोंड पाहावं वाटते म्हणे तिले. तू त्या दिवशी फोटोचं म्हणत होती..."

"या ना, आताच या," पुष्पलता म्हणाली.

रुपरावनं इंदूबाईला पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. मागे रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस. "हनुवटी वर. हात मांडीवर. आता हलू नका," तो म्हणाला, आणि दिवे लावले. परपुरुषासमोर, इतक्या उजेडात, इंदूबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि श्वास रोखला.

फोटो तयार झाला तेव्हा पुष्पलतानं तो उजेडात धरून पाहिला. "अहो, ही इंदूबाई नाही."

"मंग कोण आहे?" रुपराव जरा चिडला. "फोकस पाहा, लाइट पाहा. काय वाईट आहे त्याच्यात?"

"काहीच वाईट नाही. पण वच्छला हा पाहून घाबरन. आई बिमार आहे का म्हणन." ती थांबली. "तुमच्यापुढं बाई कशी मोकळी बसन? तो लहान कॅमेरा मले शिकवा."

रुपरावनं तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. त्यानं फळीवरून तो कॅमेरा काढला. पुढून दोन भिंगं असलेला, वरून झाकण उघडून आत पाहायचा. "हा पोटाशी धरायचा," तो म्हणाला. "खाली मान घालून आत पाहायचं. माणूस उजवीकडे सरकला की आत डावीकडे सरकते, गोंधळू नको. उजेड माणसाच्या पाठीमागून येऊ देऊ नको. आन् हात घट्ट."

पहिला रोल पूर्ण काळा निघाला. दुसऱ्यात बिनडोक्याच्या बायका आल्या. रुपराव हसला नाही. प्रत्येक निगेटिव्ह तिच्याबरोबर बसून पाहत गेला आणि कुठे काय चुकलं ते सांगत गेला. धंदा शिकताना त्याच्या उस्तादानं त्याला इतका वेळ कधी दिला नव्हता.

मग एका दुपारी ती कॅमेरा गळ्यात अडकवून इंदूबाईच्या अंगणात गेली. "तुम्ही कांड्या भरत राहा," म्हणाली, आणि समोर बसून वच्छलाचं विचारू लागली. लहानपणी कशी होती, काय खायला मागायची. कॅमेऱ्यात पाहायला तिला मान खाली घालावी लागायची. समोरच्याला दिसायचा तो फक्त तिचा भांग आणि पदर. कोणी आपल्याकडे टक लावून पाहतंय असं वाटतच नव्हतं. इंदूबाई बोलत सुटली. कच्च्या चिंचा चोरताना वच्छला भिंतीवरून कशी पडली हे ती हात करून सांगत होती, तेव्हा बारीकसा टिक् असा आवाज आला. इंदूबाईला तो कळलाही नाही.

रुपरावनं तो फोटो हातात घेतला. "हात हलला आहे," तो म्हणाला. मग तो खाली ठेवायच्या ऐवजी पाहतच राहिला. "पण बोलून राहिली बाई. आवाज येते असं वाटते."

फोटो गोंदियाला गेला. महिन्याभरात जावई पुन्हा येऊन गेला आणि जाता जाता इंदूबाईला म्हणाला, "तुमचा फोटो उशीखाली घेऊन झोपते ती. आमच्या आईलेही दाखवला. आई म्हणे, विहीणबाईचा स्वभाव चांगला दिसते, पोरीले सातव्या महिन्यात पाठवून देऊ."

हे गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? फोटो भिंतीसाठी नसतो, कोणाकडे तरी पाठवण्यासाठी असतो, ही गोष्ट बायकांच्या एकदम ध्यानात आली. आणि प्रत्येकीचं कोणी ना कोणी लांब होतंच. सखूबाईचा मुलगा भिलाईच्या कारखान्यात होता. कोणाचा भाऊ उमरेडला, कोणाची मैत्रीण लग्न होऊन भंडाऱ्याला. ज्या दुपारी पुष्पलताला वेळ असे त्या दुपारी ती अंगणात येई. नंतर पुरुषही दुकानाशी येऊन उभे राहू लागले. ते थेट म्हणत नसत. "वहिनी, तुम्ही ते बोलता बोलता फोटो काढता म्हणे," असं काहीतरी म्हणत.

*

तुळजाबाई मात्र हलली नाही. पुष्पलता अंगणात आली की ती तोंड फिरवून बसायची. सगळ्यांचे फोटो मात्र मागून पाहायची आणि प्रत्येकीवर काहीतरी बोलायची.

एक दिवस बाकीच्या उठून गेल्या, ती एकटीच राहिली. पुष्पलता कॅमेरा पिशवीत ठेवत होती.

"ए सुनबाई," तुळजाबाई म्हणाली. "माझी एक बहीण हाये."

"मले माहीत नव्हतं मावशी."

"रुख्मा. माझ्यापेक्षा लहान. नरखेडच्या पुढं बेलखेडी म्हणून गाव हाये, तिथं दिली तिले. तिच्या सासऱ्यानं माग मोडले आन् संत्र्याची बाग लावली. पहिले ये-जा होती. मंग माझे गुडघे गेले. मंग ते पाय घसरून पडली, तिचं मांडीचं हाडूक मोडलं. आता ती येत नाही आन् मी जात नाही. तिचं पोरगं कधी बाजाराले आलं तर सांगून जाते, माय बरी हाये."

"मंग तुमचा फोटो पाठवू ना तिले."

"हेच. माझं तोंड तिले दिसन. आन् तिचं मले कोण दाखवन?"

पुष्पलता पिशवी बाजूला ठेवून तिच्याजवळ बसली.

"तू जाशीन का?" तुळजाबाईनं विचारलं. नेहमीचा तिखट आवाज नव्हता तो. "तिचा फोटो काढून आणशीन तर माझा काढ. नाहीतर राहू दे."

"जाईन," पुष्पलता म्हणाली. घरी विचारायच्या आधीच म्हणाली.

तुळजाबाईचा फोटो तिनं तिथेच, त्याच उन्हात काढला. म्हातारी बोलत नव्हती, चरखाही फिरवत नव्हती. बहिणीचा विचार करत समोर कुठेतरी पाहत होती. चेहऱ्यावरची सगळी धार गेली होती. पुष्पलतानं एकच फोटो काढला.

दोन प्रती करून ती घेऊन गेली तेव्हा तुळजाबाईनं फोटो हातात धरला आणि लगेच दूर केला. तिच्या घरात आरसा होता तो बोटभर, केस विंचरण्यापुरता. पूर्ण तोंड तिनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"ही बुढी कोण हाये वं?"

"तुम्हीच मावशी."

"गाल पाहा कसे बसले. हनुवटी पाहा." तिनं फोटो पालथा करून पुष्पलताच्या हातात दिला. "नेऊन दे रुख्माले. दुसरा तुझ्याजवळच ठेव. मले नको दाखवू."

*

रुपरावला सांगितलं तेव्हा त्यानं आधी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. बायको एकटी एसटीनं नरखेडच्या पुढे जाणार, तेही फोटो काढायला, हे त्याच्या डोक्यात बसायला वेळ लागला. पण जायच्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः रोल भरून दिला. "बागेत उन्हात बसवू नको," तो म्हणाला. "झाडाच्या सावलीत, पण सावलीच्या काठाशी. तोंडावर उजेड आला पाहिजे आन् डोळे मिचकावले नाही पाहिजे."

काटोलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. तोडा सुरू होता. झाडाखाली फळांचे ढीग पडले होते आणि खिडकीतून साल सोलल्यासारखा वास येत होता. बेलखेडीच्या फाट्यावर रुख्माबाईचा मुलगा बाबनराव सायकल घेऊन उभा होता. त्याला बाजारात निरोप मिळाला होता.

"मायनं सकाळपासून तीनदा विचारलं, आली का म्हणून," तो म्हणाला. "नवं लुगडं नेसून बसली आहे."

घर बागेला लागूनच होतं. ओसरीवर बाजेवर एक बारीक अंगाची म्हातारी बसली होती, शेजारी काठी. पुष्पलता वाकून पाया पडली, पाणी प्यायली, आणि मग पिशवीतून फोटो काढून तिच्या हातात दिला.

रुख्माबाईनं तो दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांजवळ आणला. मग लांब धरला, पुन्हा जवळ आणला. बाबनराव बागेकडे जायला निघाला होता, तो थांबला.

"हा तुले कुठं भेटला?" रुख्माबाईनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"काय मावशी?"

"हा फोटो. माझ्या मायचा फोटो तुले कुठं भेटला?"

पुष्पलताला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती बाजेशेजारी खाली बसली. "मावशी, ही तुमची माय नाही. तुळजामावशी आहे. तुमची अक्का. गेल्या हप्त्यात काढला मी."

"अक्का?"

रुख्माबाईनं पुन्हा पाहिलं. फोटोवरून बोट फिरवलं, कपाळावरून, बसलेल्या गालांवरून, हनुवटीपर्यंत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

"मायचा फोटो कधी निघालाच नाही," ती म्हणाली. "आमच्या माहेरी, उमरेडले, कोण काढणार होतं तेव्हा? पहिले डोळे मिटले की मले ते दिसायची. मंग दिसनाशी झाली. लुगडं दिसायचं, हात दिसायचे, तोंड नाही. मी कोणाले सांगितलं नाही. आपल्या मायचं तोंड विसरली म्हणून कसं सांगू?"

बाबनरावनं खाली पाहिलं. त्यानं हे कधी ऐकलं नव्हतं.

"ते अशीच बसायची," रुख्माबाई म्हणाली. "काम झालं की दाराशी. अशीच समोर पाहत. अक्का मायवर गेली वं. कधी गेली? मी शेवटची पाहिली तेव्हा तर तिचे केस काळे होते." आणि मग अचानक तिला हसू आलं. रडणं थांबलेलं नव्हतं, त्याच्यातच हसू आलं. "लहानपणी मले चिडवायची, तू बापावर गेली, नाकाडी. मी मायवर गेली, म्हणे. खरंच गेली की!"

पुष्पलतानं त्या वेळी कॅमेऱ्याला हात लावला नाही. रुख्माबाईचं मन भरेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग सगळे बागेत गेले. बाबनरावनं बाज उचलून झाडाच्या सावलीत ठेवली, आईला धरून आणली. बाजेच्या काठाशी, जिथे पानांतून उजेड येत होता, तिथे ती बसली. पुष्पलतानं मान खाली घातली.

"अक्काले माझे दात पडले ते दिसतीन का?" रुख्माबाईनं विचारलं.

"हसलात तर दिसतीन."

"मंग दिसू दे," ती म्हणाली, आणि तोंडभर हसली. तिचे पुढचे दोनच दात उरले होते.

निघताना बाबनरावनं संत्र्यांची भरलेली पिशवी आणून दिली. फाट्यापर्यंत सोडायला आला तेव्हा सायकल हातात धरून पायी चालत होता. "वहिनी," तो म्हणाला, "मी आपला सांगून येत होतो, माय बरी हाये म्हणून. मले वाटत होतं, तेवढं पुरते."

*

रोल धुतला त्या दिवशी रुपरावनं पुष्पलताला डार्करूममध्ये बोलावलं. लाल दिव्याखाली, पाण्यासारख्या औषधात कागद पडला होता. आधी झाडाची पानं आली, मग बाजेची कड, मग सावकाश म्हातारीचं हसणं वर आलं.

"हा तुझा सगळ्यांत चांगला," तो म्हणाला. इतकंच म्हणाला, पण फोटो सुकवायला स्वतः बसला.

तुळजाबाईनं बहिणीचा फोटो पाहिला आणि मोठ्यानं ओरडली, "अवं बाप्पा, दात कुठं गेले हिचे?" मग ती हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला, इंदूबाईनं पाणी आणून दिलं. अंगणातल्या सगळ्या बायकांच्या हातून फोटो फिरला. "नाक पाहा," तुळजाबाई सांगत होती, "बापाचं नाक. मी म्हणतच होती."

फोटो परत तिच्या हातात आला तेव्हा ती जरा शांत झाली. "माझा पाहून काय म्हणे ते?"

पुष्पलतानं सांगितलं. जसं घडलं तसं, रुख्माबाईच्याच शब्दांत. माझ्या मायचा फोटो तुले कुठं भेटला, इथपासून.

तुळजाबाईचा हात चरख्यावर होता, तो तसाच राहिला.

"तो माझा दुसरा," ती म्हणाली. "तुझ्याजवळ हाये का?"

पुष्पलतानं पिशवीतून काढून दिला. या वेळी तुळजाबाईनं तो दूर केला नाही. बराच वेळ पाहिला. मग एक हात उचलून आपल्या गालाला लावला, हनुवटीला लावला, जणू फोटोतलं खरं आहे का ते तपासून पाहत होती.

"हाव," ती हळूच म्हणाली. "हे तर मायच हाये."

*

संक्रांत होऊन गेली आणि एका सकाळी बाबनराव आईला घेऊन नागपूरला आला. पायाचं दुखणं धंतोलीतल्या डॉक्टरला दाखवायचं होतं, हे खरं. पण ते दुखणं जुनंच होतं. फोटो आल्यापासून तिनं मुलाच्या मागे सारखी भुणभुण लावली होती. डॉक्टरकडचं आटोपल्यावर त्यानं सायकलरिक्षा केली आणि तिला थेट टिमकीत आणलं.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथून पुढे रुपराव आणि बाबनराव यांनी रुख्माबाईला खुर्चीवर बसवून उचलून आणलं. तुळजाबाई भिंतीला धरून दारात उभी राहिली होती. कोणी किती म्हटलं तरी बसली नव्हती.

"इतक्या दिवसांनी आठवण आली का वं?" ती म्हणाली.

"तू आली होती का?" खुर्चीतून रुख्माबाई म्हणाली.

आणि मग दोघी रडल्या. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, त्याही डोळे पुसू लागल्या.

अंगणात दोघींना शेजारी बसवलं. पुष्पलतानं नवा रोल भरून आणला होता. दोघी हातात हात घेऊन बसलेल्या, दोघी एकाच वेळी बोलत असलेल्या, रुख्माबाई बहिणीच्या गालाला हात लावून पाहत असलेली, असे फोटो ती काढत गेली. रोल संपला. तिनं सांगितलं, "झालं मावशी," पण कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांचं भांडण चाललं होतं. मायचा आवाज कसा होता, याच्यावरून.

"जाड होता," तुळजाबाई म्हणत होती.

"जाड काहून? बारीक होता. लांबून हाक मारली की सुईसारखा यायचा."

"तुले काय आठवते? तू लहान होती."

"शेवटी तिच्याजवळ मीच होती ना?"

"बरं, ऐक." तुळजाबाई सरळ बसली. गुडघ्यावर हात ठेवला, समोर अंगणाच्या पलीकडे पाहिलं, जणू कोणी तिथे लांब खेळतं आहे. आणि तिनं हाक मारली, "रुख्मेऽऽ, ए रुख्मेऽऽ, चाल वं जेवाले."

आवाज जाडही नव्हता आणि बारीकही नव्हता. पण रुख्माबाई तिच्याशेजारी बसली होती, हाताच्या अंतरावर, आणि तरी ती लांबून ओ दिल्यासारखी म्हणाली, "ओऽ, आली माय."

मग रुख्माबाईनं बहिणीचा हात धरला. उन्हं अंगणात उतरली होती. इंदूबाईनं चहा आणला. पुष्पलता कॅमेरा मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ खाली बसली, आणि चहा तिघींसमोर निवत राहिला.